‘ब’ खरंच सघोष आहे का? एखाद्या भाषेतली घोष-अघोष व्यवस्था तपासण्याची पद्धत

बीजिंग हे नाव आपण ‘ब’ने लिहितो. तिथला माणूस ते उच्चारतो तेव्हा पहिला ध्वनी आपल्या ‘प’च्या अगदी जवळचा असतो. प्रमाण चिनी भाषेत, म्हणजे मँडरिनमध्ये, सघोष स्पर्श व्यंजनं, म्हणजे तोंडात हवा क्षणभर पूर्ण अडवलेली असताना स्वरतंतू कंप पावतात असे ‘ग’, ‘द’, ‘ब’सारखे ध्वनी, नाहीतच. रोमन लिपीतलं ‘बी’ हे अक्षर तिथे अल्पप्राण ‘प’साठी वापरतात आणि ‘पी’ हे अक्षर त्याच्या महाप्राण, म्हणजे श्वासाचा झोत असलेल्या, जोडीदारासाठी. इंग्रजी ‘बिग’मधला ‘ब’सुद्धा बोलण्याच्या सुरुवातीला आला तर बरेचदा अघोषच निघतो.

तरीही उच्चार शिकवणारे, बोलींची नोंद करणारे आणि भाषाविज्ञानाचे विद्यार्थी अक्षर बघतात आणि ‘सघोष’ लिहून मोकळे होतात. पुढची सगळी तुलना मग चुकीच्या पायावर उभी राहते. खालचे टप्पे त्यासाठी आहेत. त्यांचा क्रम बदलू नका. आधी मोजायचं आणि मग काय मोजलं याचा विचार करायचा, यातूनच बहुतेक गोंधळ होतो.

सुरुवातीआधी: तीन प्रश्न वेगळे करा

‘ही भाषा सघोष-अघोष भेद करते का?’ या एका प्रश्नात तीन प्रश्न दडलेले असतात.

पहिला प्रश्न शरीराचा. व्यंजन उच्चारताना स्वरतंतू कंप पावतात का, आणि नेमके कधी? दुसरा व्यवस्थेचा. त्या फरकाने शब्दाचा अर्थ बदलतो का? तिसरा स्थानाचा. हा फरक शब्दाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी सारखाच टिकतो का?

तमिळमध्ये ‘ग’, ‘द’, ‘ब’ हे ध्वनी रोज ऐकू येतात. पण मूळ तमिळ शब्दांत ते कुठे येणार हे ठरलेलं असतं. शब्दारंभी आणि द्वित्त असेल तर अघोष, अनुनासिकानंतर सघोष, दोन स्वरांमध्येही सघोषाकडे झुकलेला उच्चार. म्हणून लिपीत ‘क’ आणि ‘ग’ दोहोंना एकच अक्षर पुरतं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’, दुसऱ्याचं ‘नाही’. हे दोन्ही एका शब्दात सांगायला गेलात तर उत्तर हमखास चुकणार.

टप्पा १: आधी स्वतःचा कान आणि घसा तपासा

कंठावर बोट ठेवून कंप तपासायची युक्ती शाळेत सगळ्यांना सांगतात. ती ‘स’ आणि इंग्रजी ‘झू’मधल्या झकाराला चांगली लागू पडते, कारण हे ध्वनी लांबवता येतात. स्पर्श व्यंजनांना मात्र ती फसवते. तुम्ही ‘क’ म्हणता तेव्हा त्यात ‘अ’ मिसळलेला असतो आणि बोटाला जाणवतो तो त्या ‘अ’चा कंप.

त्याऐवजी ‘अग्गा’ आणि ‘अक्का’ म्हणा आणि मधला बंद काळ मुद्दाम लांबवा. ‘अग्गा’त जीभ टाळूला चिकटलेली असतानाही गुरगुर सुरू राहते. थोड्या वेळाने ती आपोआप थांबते, कारण घशातून वर येणारी हवा तोंडातल्या बंद जागेत साठते, वरचा आणि खालचा दाब जवळजवळ सारखा होतो आणि स्वरतंतूंना कंप पावायला हवेचा झोत उरत नाही. ‘अब्बा’ लांबवून पाहा. तिथे गुरगुर जास्त वेळ टिकते, कारण ओठांमागे मोठी पोकळी असते आणि गालही थोडे फुगतात.

हा फरक लक्षात ठेवा. सघोष स्पर्शांच्या मालिकेत खिंडार पडतं ते बरेचदा ‘ग’च्या जागी, त्यामागे हेच कारण आहे. थाईमध्ये ‘ब’ आणि ‘द’ आहेत, ‘ग’ नाही. डच भाषेच्या मूळ शब्दांतही ‘ग’ हा स्पर्श नाही.

> तपासा: ‘अग्गा’ आणि ‘अक्का’ यांतला बंद काळातला फरक डोळे मिटून जाणवतो का? जाणवत नसेल तर पुढे जाऊ नका, हाच सराव करा.

टप्पा २: शब्दयादी तयार करा

इथे घाई केली तर पुढचं सगळं काम वाया जातं.

एकाच ध्वनीने वेगळे होणारे शब्द शोधा. मराठीत कंठ्य स्पर्शांसाठी कार, खार, गार, घार हा संच मिळतो. कडी, खडी, गडी, घडी हा दुसरा. शब्दान्तासाठी नाक आणि नाग. दुसऱ्या भाषेत असा पूर्ण संच मिळाला नाही तरी निदान व्यंजनापुढचा स्वर एकच ठेवा, कारण ‘ई’, ‘ऊ’सारख्या उच्च स्वरांआधी महाप्राणाचा श्वास लांबतो. एक शब्द ‘का’ने आणि दुसरा ‘गी’ने सुरू होत असेल तर तुम्ही व्यंजन मोजताय की स्वर, हे सांगता येणार नाही.

यादी करताना ही पथ्यं पाळा:

- ओष्ठ्य, दंत्य आणि कंठ्य अशा सगळ्या जागा घ्या. कंठ्य स्पर्शांत स्फोटानंतरचा, म्हणजे अडवलेली हवा सुटल्यानंतरचा, काळ नेहमीच थोडा लांब असतो. नुसत्या ‘प-ब’वरून पूर्ण भाषेचा निष्कर्ष काढू नका.
- शब्दारंभ, दोन स्वरांच्या मध्ये आणि शब्दान्त यांच्या याद्या वेगळ्या ठेवा.
- उसने शब्द वेगळे काढा. तमिळ किंवा फिनिशसारख्या भाषेत सगळं चित्र या शब्दांमुळे बदलतं. फिनिशमध्ये ‘ब’ आणि ‘ग’ बाहेरून आलेल्या शब्दांतच येतात.
- जोड्या शेजारीशेजारी वाचायला देऊ नका. ‘नाक, नाग’ असं लागोपाठ दिलं की बोलणारा फरक मुद्दाम ठळक करतो. मध्ये दुसरे शब्द घाला आणि क्रम विस्कटून टाका.

लिखित शब्द दाखवायचा की नाही, हा निर्णयही इथेच घ्या. जर्मनमध्ये चाकासाठी असलेला शब्द आणि सल्ल्यासाठी असलेला शब्द दोन्ही ‘राट’ असेच ऐकू येतात, पण चाकाचा शब्द ‘डी’ या अक्षराने संपतो. ते अक्षर डोळ्यांसमोर असलं की काही लोक नकळत फरक करू लागतात. शक्य तिथे चित्र दाखवा किंवा असा प्रश्न विचारा की उत्तरात तो शब्द येईल.

टप्पा ३: रेकॉर्डिंग

घोष तपासणाऱ्यांची सर्वांत मोठी फसगत इथे होते आणि ती कानाला कळत नाही.

सघोष स्पर्शाच्या बंद काळात जो कंप असतो, त्याची ऊर्जा अगदी खालच्या कंपनसंख्यांना असते. पुरुषांच्या आवाजात साधारण १०० ते १५० हर्ट्झ, स्त्रियांच्या आवाजात २०० हर्ट्झच्या आसपास. टेलिफोनची जुनी पट्टी सुमारे ३०० ते ३,४०० हर्ट्झची. म्हणजे पुरावा असतो तोच भाग फोन कापून टाकतो. ऐकणाऱ्याचा मेंदू बाकीच्या खुणांवरून ‘ब’ ओळखतो, पण आलेखात काही दिसत नाही. मग ‘या भाषेत ब अघोष आहे’ असं लिहिलं जातं.

गोंगाट कमी करणारी सोय, मायक्रोफोनवरचं खालचे आवाज गाळणारं बटण, ब्लूटूथ हेडसेट आणि मेसेजमधून पाठवलेल्या आवाजाच्या फिती यांतही असाच धोका आहे. बंद काळातली क्षीण गुरगुर गोंगाट समजून पुसली जाऊ शकते.

म्हणून:

१. वेव्ह स्वरूपात, ४४.१ किलोहर्ट्झ आणि १६ बिटला रेकॉर्ड करा. एमपी३ नको.
२. गोंगाट गाळणाऱ्या सगळ्या सोयी बंद करा.
३. माइक तोंडापासून वीतभर अंतरावर आणि थोडा बाजूला ठेवा. समोर ठेवला तर महाप्राणाचा झोत थेट त्यावर आदळतो आणि स्फोटाची जागा बिघडते.
४. पंखा आणि एसी बंद करा. त्यांची घरघर नेमकी घोषाच्या पट्टीतच येते.
५. प्रत्येक शब्द दोन प्रकारे घ्या: एकदा सुटा, आधी शांतता ठेवून, आणि एकदा ठरलेल्या वाक्यात, जिथे आधीचा शब्द स्वराने संपतो.

बोलणाऱ्याला आणखी कोणत्या भाषा येतात ते लिहून ठेवा. लहानपणापासून दोन भाषा बोलणाऱ्याचा ‘ब’ एकभाषिकापेक्षा वेगळा असू शकतो.

> तपासा: ज्या भाषेत घोष नक्की आहे, तिचे दोन शब्द आधी रेकॉर्ड करा. स्वतःचा ‘गार’ चालेल. त्यात घोषपट्टी, म्हणजे आलेखाच्या तळाशी दिसणारी कंपाची पट्टी, दिसली नाही, तर दोष उपकरणात आहे.

टप्पा ४: खुणा करा आणि मोजा

प्राट हा प्रोग्रॅम मोफत मिळतो. ॲमस्टरडॅम विद्यापीठाच्या पॉल बोर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी तो तयार केला आहे. फाइल उघडली की वर ध्वनितरंग आणि खाली स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे कोणत्या क्षणी कोणत्या कंपनसंख्येला किती ऊर्जा आहे ते दाखवणारा करडा आलेख, दिसतो.

मोजायचा आहे तो स्फोटाच्या तुलनेत कंप कधी सुरू होतो तो काळ. त्याला व्हॉइस ऑनसेट टाइम, थोडक्यात व्हीओटी म्हणतात. लिस्कर आणि अब्रॅमसन या ध्वनिशास्त्रज्ञांनी १९६४ साली ११ भाषांतल्या आरंभीच्या स्पर्शांवर हे माप वापरलं. त्यांत मराठीही होती.

‘गार’ घेऊन पाहू. आधी शांतता. मग तळाशी एक करडी आडवी पट्टी सुरू होते आणि वर काहीच नसतं. ध्वनितरंगात त्याच जागी लहान, गोलसर, सारख्या लाटा दिसतात. ही घोषपट्टी. जीभ टाळूला चिकटलेली आहे आणि स्वरतंतू चालू आहेत. मग एक बारीक उभी रेघ, वरपासून खालपर्यंत. हा स्फोट. त्यानंतर लगेच ‘आ’चे जाड पट्टे. स्फोटाला शून्य धरायचं. पट्टी त्याआधी ९० मिलिसेकंद सुरू झाली असेल तर व्हीओटी उणे ९०.

आता ‘खार’. पट्टी नाही. स्फोटाची रेघ, मग विस्कळीत करडा खळखळाट आणि त्यानंतर नियमित लाटा. स्फोटापासून पहिल्या नियमित लाटेपर्यंतचा काळ अधिक चिन्हाने लिहायचा. ‘कार’मध्ये हाच काळ खूप छोटा असतो.

खुणा करताना होणाऱ्या चुका:

- कंठ्य स्पर्शांत दोन-तीन स्फोट दिसतात, कारण जीभ एका झटक्यात सुटत नाही. पहिला स्फोट धरा आणि तोच नियम शेवटपर्यंत पाळा.
- प्राट कंपाची खूण म्हणून दाखवतं त्या निळ्या उभ्या रेघांवर डोळे झाकून विसंबू नका. क्षीण किंवा अनियमित कंप प्राटला सापडत नाही. निर्णय ध्वनितरंग बघून घ्या.
- दोन स्वरांमधल्या अघोष व्यंजनात आधीच्या स्वराचा कंप बंद काळात थोडा ओघळतो. दोन-तीन लाटा दिसल्या म्हणून व्यंजन सघोष होत नाही. मधल्या जागी बंद काळाचा किती टक्के भाग कंपयुक्त आहे, ते मोजा.
- स्फोटाकडे जाताना घोषपट्टीच्या लाटा लहान होण्याऐवजी मोठ्या होत असतील तर थांबा. स्वरयंत्र खाली ओढून केलेला अंतःस्फोटक ध्वनी असू शकतो. सिंधीत असे चार ध्वनी साध्या सघोषांपासून वेगळे आहेत.

टप्पा ५: आकडे वाचा

लिस्कर-अब्रॅमसन यांच्या मापनात आकडे साधारण तीन पुंजक्यांत पडले: उणे १२५ ते उणे ७५, शून्य ते २५ आणि ६० ते १०० मिलिसेकंद. कोणती भाषा यांतले कोणते पुंजके वापरते, यावर भेदाचा प्रकार ठरतो.

स्पॅनिश, फ्रेंच, डच आणि हंगेरियन पहिला आणि दुसरा पुंजका वापरतात. त्यांचा ‘ब’ खरा सघोष आणि ‘प’ आपल्या ‘प’सारखा. मँडरिन, कँटोनीज आणि आइसलँडिक दुसरा आणि तिसरा वापरतात. तिथे भेद महाप्राणाचा आहे, घोषाचा नाही. इंग्रजी आणि जर्मन शब्दारंभी याच गटाजवळ येतात. थाई आणि पूर्व आर्मेनियन तिन्ही पुंजके वापरतात.

कोरियनमध्येही तीन प्रकार आहेत, पण शब्दारंभी तिन्ही अघोष. त्यांतला एक, ‘मृदू’ म्हणून ओळखला जाणारा स्पर्श, दोन स्वरांमध्ये आला की सघोष होतो. सोलच्या तरुण पिढीत मृदू आणि महाप्राण स्पर्शांचा व्हीओटी जवळजवळ सारखा झाला आहे आणि फरक पुढच्या स्वराचा सूर किती वरचा आहे यावरून कळतो. तिथे नुसता व्हीओटी मोजणाऱ्याला दोन व्यंजनं एकच वाटतील.

मराठी आणि हिंदीबाबत खास सावधगिरी हवी. ‘ग’ आणि ‘घ’ दोन्हींत कंप स्फोटाआधी सुरू होतो, म्हणजे व्हीओटी दोन्हीकडे उणे. फरक स्फोटानंतर असतो: ‘घ’मध्ये स्वराची सुरुवात श्वासमिश्र होते, लाटा नियमित असूनही त्यांवर खळखळाट पसरलेला दिसतो. म्हणून आपल्या भाषांसाठी दोन मापं घ्या: स्फोटाआधीचा कंप आणि स्फोटानंतर स्वच्छ स्वर सुरू होईपर्यंतचा काळ. पंजाबीत ही मालिका आणखी पुढे सरकली आहे. शब्दारंभीचा ‘घ’ अघोष ‘क’ झाला आणि त्याच्या जागी स्वराला खालचा सूर आला. लिपी मात्र अजून ‘घ’च लिहिते.

> सावधान: उणे आणि अधिक आकड्यांची सरासरी कधीही काढू नका. काही इंग्रजी भाषक आरंभीच्या ‘ब’ला उणे ९० देतात, काही अधिक १५. सरासरी येते उणे ३७ च्या आसपास, आणि तसा ‘ब’ त्यांच्यापैकी कुणीच उच्चारत नाही. आधी प्रत्येक आकडा ठिपक्याने मांडा, पुंजके दिसतात का ते बघा आणि मगच प्रत्येक पुंजक्याची सरासरी काढा.

इंग्रजीबाबतचा संशय मिटवायला एक छोटा प्रयोग करा. इंग्रजी मातृभाषकाचा ‘स्पिन’ घ्या आणि प्राटमध्ये सुरुवातीचा ‘स’ कापून टाका. उरलेला तुकडा इंग्रजी कानाला ‘बिन’ वाटतो आणि आपल्याला ‘पिन’. ध्वनी एकच, पण दोन भाषांनी सीमारेषा वेगळ्या ठिकाणी आखल्या आहेत. मराठी माणसाचा ‘पिन’ इंग्रजी ऐकणाऱ्याला कधीकधी ‘बिन’ का वाटतो, तेही यावरून कळेल.

टप्पा ६: शब्दाचा शेवट वेगळा तपासा

शब्दान्ती अनेक भाषांत भेद पुसला जातो. जर्मन, डच, रशियन आणि पोलिशमध्ये शेवटचं सघोष व्यंजन अघोष होतं. तुर्कीत ‘किताब’ हा शब्द ‘किताप’ होतो आणि पुढे स्वराचा प्रत्यय लागला की ‘ब’ परत येतो.

म्हणून एकच रूप नोंदवून थांबू नका. एकवचन-अनेकवचन, विभक्ती अशी रूपं घ्या. जर्मन ‘राट’चं अनेकवचन म्हणायला सांगा. चाकाच्या शब्दात ‘ड’ परत येतो, म्हणजे मूळ व्यंजन सघोष होतं आणि शेवटच्या जागेने ते बदललं.

इंग्रजीत उलट सावधगिरी हवी. तिथे शेवटच्या ‘ड’मधला कंप अनेकदा अर्धवट असतो, पण आधीचा स्वर ‘ट’च्या आधीपेक्षा स्पष्ट लांब असतो. स्वराची लांबी मोजली नाही तर भेद नाही असं वाटेल. मराठी नाक-नाग मोजताना शेवटी निसटता ‘अ’ लागतो का ते पाहा. लागला तर ते व्यंजन शब्दान्तीचं राहत नाही.

टप्पा ७: शेजाऱ्याचा परिणाम

‘विपद् + काल = विपत्काल’ हा संधी सगळ्यांनी पाठ केलेला असतो. पुढच्या कठोर, म्हणजे अघोष, व्यंजनाने मागच्याला कठोर केलं. रशियन, हंगेरियन आणि डचमध्ये असं रोजच्या बोलण्यात, लिखाणात न दिसता होतं. इंग्रजी अनेकवचनाचा ‘स’ मात्र मागच्या व्यंजनाचं ऐकतो: ‘कॅट्स’मध्ये अघोष, ‘डॉग्ज’मध्ये सघोष.

परिणाम पुढून मागे की मागून पुढे, हे दोन्ही क्रमांच्या जोड्या घेऊन ठरवा. रशियनमध्ये ‘व’ला अपवाद धरा. तो स्वतः अघोष होतो, पण मागच्या व्यंजनाला सघोष करत नाही. मराठीसाठी ‘आगपेटी’ आणि ‘डाकघर’ हे शब्द सहज, घाईच्या बोलण्यात रेकॉर्ड करा. ‘आगपेटी’तल्या ‘ग’ची पट्टी कुठपर्यंत टिकते आणि ‘डाकघर’मधल्या ‘क’त ती येते का, ते मोजा. सावकाश वाचून घेतलेलं चालणार नाही.

अनुनासिकं आणि ‘र’, ‘ल’ बहुतेक भाषांत सघोषच असतात, त्यांवर फार वेळ घालवू नका. बर्मी आणि आइसलँडिक हे अपवाद. तिथे अघोष अनुनासिकं आहेत.

टप्पा ८: नोंद कशी लिहावी

दोन स्तंभ करा. एकात व्यवस्था, दुसऱ्यात उच्चार. ‘भाषा दोन मालिकांत भेद करते’ हे पहिल्यात. ‘शब्दारंभी अल्पप्राण अघोष, दोन स्वरांमध्ये सघोष, शब्दान्ती भेद नाही’ हे दुसऱ्यात. आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी वापरत असाल तर सघोषाच्या चिन्हाखाली छोटं वर्तुळ काढून त्याचा घोष गेल्याचं दाखवता येतं. इंग्रजीच्या आरंभीच्या ‘ब’साठी हे उपयोगी पडतं.

प्रत्येक विधानासोबत किती बोलणारे, किती उच्चार, कोणती जागा आणि सुटा शब्द की वाक्यातला, हे लिहा. बोलण्याचा वेगही नोंदवा. वेग वाढला की महाप्राणाचा लांब काळ आणि सघोषाचा आधीचा कंप दोन्ही आखडतात, मधला छोटा पुंजका मात्र जवळपास जागेवर राहतो. दोन भाषांचे आकडे शेजारी ठेवण्याआधी वेग सारखा होता का ते बघा. एका भाषेची माणसं यादी वाचत होती आणि दुसरीची गप्पा मारत होती, तर ती तुलना छापू नका. रेकॉर्डिंग पुन्हा करा.